संकलित माहितीपट आणि एस्फिर शुब

नव्याने चित्रीकरण न करता, किंवा अगदी नाममात्र करून, आधीच कोणीतरी टिपलेल्या फिल्मांतून जुळवलेला माहितीपट म्हणजे संकलित माहितीपट. वृत्तपट, खाजगी हौशी चित्रण, सरकारी नोंदी, रद्दीत गेलेली रिळे असा त्याचा कच्चा माल असतो. या प्रकाराला पूर्ण लांबीच्या चित्रपटाचे रूप दिले ते सोव्हिएत संकलक-दिग्दर्शक एस्फिर इल्यिनिच्ना शुब (१८९४–१९५९) यांनी. कॅमेऱ्याला क्वचितच हात लावणारी व्यक्ती दिग्दर्शक ठरते का, हा वाद त्यांच्या कारकिर्दीने उभा केला आणि तो त्यांच्यासोबत संपला नाही.

शुब यांचा जन्म तेव्हाच्या चेर्निगोव प्रांतातल्या सुराझ या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. मॉस्कोत त्यांनी साहित्याचा अभ्यास केला. क्रांतीनंतर शिक्षण खात्याच्या नाट्यविभागात त्या काम करत होत्या आणि नाट्यदिग्दर्शक मेयरहोल्ड, कवी मायाकोव्हस्की यांच्या वर्तुळात त्यांचा वावर होता. १९२२ मध्ये त्या ‘गोस्किनो’ या सरकारी चित्रपटसंस्थेत दाखल झाल्या. काम वरवर दुय्यम होते. परदेशातून आलेले आणि झारच्या काळातले चित्रपट सोव्हिएत प्रेक्षकांसाठी ‘योग्य’ करायचे, म्हणजे प्रसंग गाळायचे, क्रम बदलायचे, मधल्या पाट्या नव्याने लिहायच्या. जर्मन चित्रपटांचा दिग्दर्शक फ्रिट्झ लांग याचा दोन भागांचा ‘डॉक्टर माबुझे’ त्यांनी एका भागात बसवला. या कामात त्यांच्याशेजारी बसून कात्री कशी चालते ते पाहणारा तरुण होता पुढे नावाजलेला दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाईन, ज्याने तोवर एकही मोठा चित्रपट केला नव्हता. अशा सुमारे दोनशे परदेशी चित्रपटांवरून शुब यांचा हात फिरला असे सांगितले जाते. हे काम सेन्सॉरचेच होते, यात शंका नाही. पण पाटी बदलली, दोन तुकड्यांची अदलाबदल केली की तोच नट तोच हावभाव करत असताना वेगळाच माणूस वाटू लागतो, हे ज्ञान त्यांना पुस्तकातून नव्हे, याच टेबलावर मिळाले.

१९२६ मध्ये त्यांनी झारची सत्ता उलथवणाऱ्या १९१७ च्या फेब्रुवारी क्रांतीच्या दहाव्या वर्षानिमित्त जुन्या वृत्तपटांतून चित्रपट करण्याची कल्पना मांडली. त्या काळी वृत्तपट आठवडाभर चालायचा आणि मग विसरला जायचा. तो जपून ठेवावा असे कोणाला वाटत नव्हते. शुब लेनिनग्राडला गेल्या, तेव्हा बरीच रिळे ओलसर तळघरांत गंजक्या डब्यांत पडलेली होती. नायट्रेट फिल्मला ओल लागली की तिच्यावरचा थर सुटतो आणि चित्रच निघून जाते. कोणत्या डब्यात काय आहे याची धड नोंदही नव्हती. सुमारे दोन महिन्यांत त्यांनी ६०,००० मीटर फिल्म पाहिली, म्हणजे मूकपटाच्या गतीने पन्नासएक तासांचे चित्रण. त्यातली ५,२०० मीटर निवडली आणि शेवटी जेमतेम १,५०० मीटरचा चित्रपट उभा केला. जिथे चित्रण मिळालेच नाही तिथे वर्तमानपत्रे, कागदपत्रे, वस्तू यांचे मोजके नवे शॉट घेतले. ‘रोमानोव्ह घराण्याचा पाडाव’ मार्च १९२७ मध्ये प्रदर्शित झाला.

या साठ्यातला मोठा भाग दरबारच्या छायाचित्रकारांनी झारच्या कौतुकासाठी टिपलेला होता. घराण्याच्या त्रिशताब्दीचा १९१३ चा सोहळा, मिरवणुका, धर्मगुरू, लष्करी संचलने, राजकन्या, सहली. शुब यांनी या चित्रणात खाडाखोड केली नाही. त्याला शेजार बदलून दिला. जहाजाच्या डेकवर उमराव आणि त्यांच्या स्त्रिया माझुर्का नाचतात, घामाघूम होतात. मध्ये एक छोटी पाटी येते, ‘घाम फुटेपर्यंत’. आणि पुढच्या तुकड्यात खंदक खणणारे मजूर कपाळ पुसतात. दोन्ही ठिकाणी घाम खरा आहे, दोन्ही चित्रणे खरी आहेत. ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांशी काही देणेघेणे नसलेल्या कॅमेऱ्यांनी टिपलेली आहेत. आरोप आहे तो फक्त त्यांच्या जोडणीत.

याचा अर्थ शुब निःपक्षपाती होत्या असा नाही. चित्रपट सरकारी वर्धापनासाठी होता आणि निकाल आधीच लागलेला होता. तरीही तो आज पाहवतो, याचे श्रेय त्यांच्या संयमाला द्यावे लागते. समकालीन माहितीपटकार झिगा व्हेर्टोव्ह तुकडे बारीक कापून त्यांची लय बांधत असे. शुब शॉट पुरेसा लांब ठेवत. प्रेक्षकाला चेहरा, गणवेश, मागे उभे असलेले लोक नीट निरखता आले पाहिजेत, कागदपत्र वाचून व्हायच्या आत उलटता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे संकलकाने सांगितले त्याच्या बाहेरचेही बरेच काही त्या चौकटीत उरले, आणि इतिहासकारांना आज तेच हवे असते.

त्याच वर्षी ऑक्टोबर क्रांतीच्या दशकपूर्तीसाठी त्यांनी ‘महान मार्ग’ केला. याच निमित्ताने आयझेनस्टाईनचा ‘ऑक्टोबर’ही तयार होत होता आणि त्यात लेनिनची भूमिका निकांद्रोव्ह नावाच्या कामगाराने केली होती. शुब यांच्याकडे खऱ्या लेनिनचे चित्रण होते, त्यातले काही अमेरिकेतून मिळवलेले. ‘लेफ’ या डाव्या लेखक-कलावंतांच्या गटाला नटाकडून लेनिन वठवून घेणे हास्यास्पद वाटे. शुब त्यांच्या दृष्टीने अभिनयमुक्त चित्रपटाचा आदर्श ठरल्या. मात्र ‘सोव्किनो’ या वितरण-निर्मिती संस्थेचे म्हणणे असे, की दुसऱ्यांनी टिपलेल्या पट्ट्या चिकटवण्यात लेखकत्व कसले? मायाकोव्हस्कीने १९२७ मधल्या एका जाहीर चर्चेत या प्रश्नावर शुब यांची बाजू घेतली. आक्षेप अगदीच वावगा होता असे नाही. ज्या छायाचित्रकारांनी ते चित्रण केले त्यांची नावे पडद्यावर आली नाहीत, हे शुब यांच्या बाजूने बोलणारेही सहसा विसरतात.

१९२८ साली तोलस्तोयच्या जन्मशताब्दीला ‘निकोलाय दुसरा आणि लेव तोलस्तोय यांचा रशिया’ आला. खुद्द तोलस्तोयचे चित्रण फार थोडे उपलब्ध असल्याने त्याच्याभोवतीचा काळच चित्रपटाचा विषय बनवावा लागला. मुख्य पात्राची अशी टंचाई असताना चित्रपट कसा पेलायचा, हा संकलित माहितीपटातला नेहमीचाच पेच आहे.

बोलपट आल्यावर शुब साठ्यातून बाहेर पडल्या. विद्युतीकरणाच्या मोहिमेवरचा ‘कोमसोमोल – विद्युतीकरणाचा पुरस्कर्ता’ (१९३२; कोमसोमोल म्हणजे कम्युनिस्ट युवक संघटना) त्यांनी नव्याने चित्रित केला आणि नीपर नदीवरच्या धरणापर्यंत मायक्रोफोन नेला. चित्रपटाची सुरुवात ध्वनिमुद्रण कक्षात थेरमिन या हात न लावता वाजणाऱ्या विद्युत वाद्याने होते. बोलणारी माणसे दिव्यांनी डोळे मिचकावतात, अडखळतात, यंत्राकडे पाहतात. शुब यांनी ते कापले नाही. त्या काळच्या ध्वनियंत्रांचे वजन लक्षात घेतले तर ही जिद्दच म्हणायची. नंतरच्या पिढ्यांनी हलक्या कॅमेऱ्यांसह ज्या मोकळ्या मुलाखतीचे कौतुक करून घेतले तिचा हा बराच आधीचा नमुना आहे.

१९३० च्या दशकाच्या मध्यापासून मोकळीक आक्रसत गेली. स्त्रियांवरचा त्यांनी आखलेला चित्रपट कागदावरच राहिला. आयझेनस्टाईनच्या वर्गात त्यांनी चित्रपट संस्थेत संकलन शिकवले. ‘स्पेन’ (१९३९) हा रोमान कारमेन आणि बोरिस मकासेयेव यांनी यादवी युद्धात टिपलेल्या चित्रणातून त्यांनी जुळवला. स्पेनचे प्रजासत्ताक त्याच वर्षी कोसळले. दिग्दर्शक पुदोव्हकिनसोबत १९४० मध्ये सोव्हिएत चित्रपटाच्या वीस वर्षांचा आढावा केला, आणि १९४२ पासून त्या ‘दिवसाच्या बातम्या’ या वृत्तपटमालिकेच्या प्रमुख संपादक झाल्या. ज्या वृत्तपटांतून पंधरा वर्षांपूर्वी इतिहास शोधला तेच आता दर आठवड्याला काढायचे होते. त्यांच्या आठवणींचे पुस्तक १९५९ मध्ये आले; त्याच वर्षी त्या वारल्या.

भारतात या प्रकारचे सर्वांत मोठे विषय गांधीजी ठरले. तमिळ लेखक-प्रकाशक ए. के. चेट्टियार यांनी देशोदेशी फिरून गांधीजींचे सुमारे ५०,००० फूट चित्रण गोळा केले आणि १९४० मध्ये त्यातून माहितीपट प्रदर्शित केला. मुंबईचे विठ्ठलभाई झवेरी यांनी गांधी स्मारक निधीसाठी फिल्म्स डिव्हिजनच्या सहकार्याने केलेला ‘महात्मा : लाइफ ऑफ गांधी, १८६९–१९४८’ हा १९६८ चा पट पाच तासांहून लांब आहे. चित्रफिती, स्थिरचित्रे, छापील कागद आणि जिथे काहीच हाती नाही तिथे ॲनिमेशन, असे सगळे त्यात आहे. शुब यांना दोन महिन्यांत उरकावे लागले ते शोधकाम इथे वर्षानुवर्षे चालले. दिग्दर्शक म्हणून झवेरींचे नाव लागले, आणि त्यावर कोणी हरकत घेतली नाही.