ओढ वेगळी, सुख वेगळं

‘डोपामिन म्हणजे सुखाचं रसायन’ हे वाक्य मोबाइलवरच्या रील्समुळे घराघरांत पोचलं आहे. कामसुखाची गोष्ट निघाली तरी तेच ऐकू येतं : डोपामिन वाढलं की आनंद वाढतो, कमी झालं की नवरा-बायकोतली गोडी आटते. हे अर्धवट आहे. या अर्धवट समजुतीपायी आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात माणसं भलत्याच गोळ्यांवर पैसे घालवतात, आणि लागू पडली नाही की स्वतःला नाहीतर जोडीदाराला दोष देत बसतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेंदूत दोन वेगळी कामं चालतात. पहिलं म्हणजे हवंहवंसं वाटणं. जोडीदाराची आठवण येते, मन तिकडे धावतं, उठून जवळ जावंसं वाटतं. ही ओढ, आणि डोपामिनचा मुख्य संबंध हिच्याशी आहे. दुसरं म्हणजे जवळीक झाल्यावर ती गोड लागणं, अंगभर बरं वाटणं. हे सुख. यात मोठा वाटा मेंदूत तयार होणाऱ्या, अफूच्या जातीच्या रसायनांचा असतो : एंडॉर्फिन आणि एन्केफॅलिन. एरवी ओढीपाठोपाठ सुख येतं, म्हणून दोन्ही एकच वाटतात.

शास्त्रज्ञांनाही बराच काळ तसंच वाटत होतं. १९५४ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. दांडी दाबली की विजेचा हलका झटका मेंदूच्या ठराविक भागात जायचा, आणि उंदीर ती दांडी दाबतच राहायचे. सुखाचं केंद्र सापडलं, असा बोलबाला झाला. पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी उलट बाजूने तपासलं. १९८९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलेलं होतं, त्यांच्या तोंडात साखरेचं पाणी सोडलं. हे उंदीर आपणहून अन्नाला तोंड लावत नव्हते, भरवलं नसतं तर उपाशी मेले असते. पण साखर जिभेला लागताच पहिल्यासारखेच ओठ चाटत होते. ओढ गेली होती, चव शाबूत होती.

याचा उलटा पुरावा तंबाखूच्या मुलखातल्या, निपाणीकडच्या माणसाला वेगळा शोधायला नको. तंबाखूतलं निकोटीन डोपामिनची वाट सतत चेतवतं. वीस-पंचवीस वर्षं मळणाऱ्या माणसाला विचारा, सुरुवातीच्या चिमटीची मजा आता येते का. मजा कधीच गेलेली असते, तलफ मात्र दरवर्षी वाढते. (तंबाखू रक्तवाहिन्याही आवळते आणि लिंगाला पुरेसं रक्त पोचू देत नाही. कामसुखाचं दुहेरी नुकसान.)

कंपवाताच्या औषधांत हे आणखी ठळक दिसतं. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्या डोपामिनसारखं काम करतात. काही रुग्णांमध्ये त्यांनी कामेच्छा अनावर होते, काहींना जुगाराचा नाद लागतो. सत्तरीतला माणूस अचानक असा वागू लागला की घरचे शरमेने गप्प बसतात, ‘या वयात काय हे’ म्हणतात. यात त्या माणसाच्या चारित्र्याचा काही दोष नाही. डॉक्टरांना सांगून औषध बदललं किंवा मात्रा कमी केली की बहुतेकदा हे ओसरतं. गोळीने त्याला जास्त सुख दिलेलं नव्हतं, फक्त ओढ वाढवली होती.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो मुद्दा. नैराश्यावर आणि चिंतेवर एस्सिटॅलोप्रॅम, सरट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन या गोळ्या सर्रास दिल्या जातात. त्या सेरोटोनिन हे मेंदूतलं आणखी एक रसायन वाढवतात. त्याने मन सावरतं, पण पुष्कळांची ओढ मंदावते आणि परमोच्च क्षण लांबतो, कधी येतच नाही. हा परिणाम इतका नेमका आहे की याच कुळातली, पण थोडा वेळच टिकणारी डॅपॉक्सेटिन ही गोळी शीघ्रपतनावर देतात. रुग्णाला मात्र हे बहुतेकदा कोणी सांगत नाही. दवाखान्यात बरोबर दीर किंवा सासू असते, गोळीसोबतचा कागद इंग्रजीत, बोलणं निम्मं कन्नडमध्ये. घरी आल्यावर नवरा म्हणतो, ‘तुझं आता माझ्यावर मनच नाही.’ मग एके दिवशी गोळी परस्पर बंद होते. अचानक बंद केल्याने चक्कर येते, झोप उडते, डोक्यात विजेसारखे झटके बसतात, आणि नैराश्य परतण्याचा धोका राहतो तो वेगळाच. यावर मार्ग आहेत : मात्रा कमी करणं, बुप्रोपिऑनसारखं दुसरं औषध देणं. पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

डॉक्टरांना एक गोष्ट नक्की सांगा : हे गोळीआधी सुरू झालं की नंतर? नैराश्य स्वतःच ओढ मारतं, कधी सुखाची चवही घालवतं. आधीपासून असेल तर आजार बरा होताना ते परतू शकतं. नंतर सुरू झालं असेल तर गोळीवर संशय घ्यावा. काही मानसिक आजारांवरची रिस्पेरिडोनसारखी औषधं डोपामिन अडवतात आणि प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं संप्रेरक, वाढवतात. त्यांनीही इच्छा जाते, बाईची पाळी चुकते, क्वचित दूधही येतं.

मेडिकलमध्ये दबक्या आवाजात मागितली जाते ती ‘ताकदीची गोळी’, म्हणजे बहुधा सिल्डेनाफिल. १९९८ साली ती अमेरिकेत बाजारात आली. ती ओढ आणत नाही, थेट सुखही देत नाही. मन उत्तेजित झाल्यावर लिंगात रक्त भरायचं आणि टिकायचं, तेवढं काम ती सोपं करते. मनच तिकडे नसेल तर माणूस गोळी घेऊन तसाच बसतो आणि आपण पार संपलो असं समजतो. ओढ आहे पण ताठरता येत नाही, त्याने आधी साखर, रक्तदाब आणि हृदय तपासावं. ताठरता कमी होणं ही कधीकधी हृदयविकाराची पहिली खूण असते. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने सिल्डेनाफिलला हातही लावू नये. दोन्ही मिळून रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो.

बायकांच्या बाबतीत क्रम उलटाही असतो, हे फार कमी जणांना ठाऊक आहे. कॅनडातल्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० साली मांडलं की बऱ्याच स्त्रियांना, विशेषतः लग्नाला वर्षं झाल्यावर, ओढ आधी येत नाही. निवांत जवळीक, स्पर्श, बोलणं यांतून सुख जागं होतं आणि त्यामागून ओढ येते. दिवसभर शेतात राबून रात्री दहा माणसांच्या घरात पातळ भिंतीपलीकडे सासू-सासरे झोपलेले असताना आधी ओढ कुठून येणार? त्यात अंगावर पिणारं बाळ असेल तर प्रोलॅक्टिन चढलेलं, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरलेलं, योनीत कोरडेपणा आलेला. ‘मला नकोच वाटतं’ असं ती म्हणते तेव्हा तिच्यात काही बिघडलेलं नसतं. तिला वेळ हवा, झोप हवी, आणि दुखत असेल तर वंगणासाठी जेल हवं.

ऑक्सिटोसिन या आणखी एका संप्रेरकाबद्दल थोडक्यात. स्पर्शाने आणि परमोच्च क्षणी ते वाढतं, जवळिकीत त्याचा वाटा आहे. पण त्याला प्रेमाचं औषध म्हणून विकणाऱ्यांपासून लांब राहा. बसस्टँडच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’ रंगवणाऱ्यांपासूनही.

तपासायला जाल तेव्हा बरोबर आलेल्या नातेवाइकाला थोडा वेळ बाहेर बसवा, असं डॉक्टरांना निःसंकोच सांगा. मानसिक आजारावर उपचार घेत असाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. समोर बसून बोलणं जमतच नसेल तर १४४१६ या टेली-मानस (सरकारची फोनवरची मानसिक आरोग्य सेवा) क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे, दिवसरात्र सुरू असतो, आणि मराठीतही बोलता येतं.