पाय लटकला तर आधी डोळा बघा

गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागते आणि वाडीतलं एखादं कुत्रं पुढचा पाय फरफटत घरी येतं. हाड मोडलं म्हणून कोणी कामट्या बांधतं, वारं गेलं म्हणून कोणी तापल्या सळीचा डाग देतं. हाड मात्र कित्येकदा शाबूत असतं. तुटलेली असतात ती मज्जारज्जूतून पायाकडे निघणाऱ्या चेतांची, म्हणजे निरोप वाहणाऱ्या नसांची, मुळं.

कुत्र्यामांजरांचा मागचा पाय खुब्याच्या सांध्याने कंबरेला पक्का जोडलेला असतो. पुढच्या पायाचं तसं नाही. खांद्याचं पातं धडाला कुठल्याच हाडाने जोडलेलं नाही, ते नुसतं स्नायूंवर तोललेलं असतं. मांजराला गळपट्टीचं छोटंसं हाड असतं, पण तेही स्नायूंतच तरंगत राहतं. या सैलपणामुळे त्यांना लांब झेप घेता येते, उंचावरून उडी सोसते. पण गाडीचा धक्का बसून पाय धडापासून बाहेर खेचला गेला, की अडवायला हाड नसतं आणि सगळा ताण काखेतल्या चेतांवर येतो.

या चेता येतात कुठून? मानेत मणके सात, पण चेतांच्या जोड्या आठ. त्यांतल्या सहाव्या, सातव्या, आठव्या आणि छातीच्या पहिल्या-दुसऱ्या चेतांच्या शाखा काखेत एकमेकींत गुंफतात. हा ब्रेकियल प्लेक्सस. त्यातून पायाच्या वेगवेगळ्या चेता निघतात आणि प्रत्येकीत दोन-तीन मुळांचे तंतू मिसळलेले असतात. ताण आला की सहसा तुटतात ती मुळं, काखेतला जाड भाग नव्हे. सुंभाचं टोक उसवून पेड सुटे झाले की ते जसे पटकन तुटतात, तसंच इथे होतं: मज्जारज्जूजवळ मूळ बारीक धाग्यांत विभागलेलं असतं आणि बाहेरच्या चेतेला असतं तसं चिवट वेष्टण त्याला नसतं.

सगळ्यात मोठा फटका रेडियल चेतेला. कोपर ताठ ठेवणारा दंडामागचा स्नायू तिच्याच हुकमावर चालतो आणि पंजा पुढे उचलणारे स्नायूही. ती वर मुळाशीच तुटली तर कोपर खाली पडतं, पायावर भार पेलत नाही, पंजा उलटा मुडपून पाठीवर घासतो. जांभ्याच्या पायऱ्यांवर दोन दिवसांत बोटांच्या वरची कातडी सोलते आणि कुत्र्याला पत्ताही नसतो, कारण तिथली संवेदनाही याच चेतेची. हीच चेता दंडाच्या खालच्या भागात दुखावली तर कोपर शाबूत राहतं. असं कुत्रं पंजा झटक्याने पुढे फेकून चालायला शिकतं.

आता डोळा. बाहुली मोठी करण्याचा निरोप मेंदूतून थेट डोळ्याकडे जात नाही. तो मज्जारज्जूतून छातीपर्यंत खाली उतरतो, पहिल्या तीन मुळांबरोबर बाहेर पडतो आणि मानेतून पुन्हा वर चढतो. म्हणून पायाबरोबर छातीचं पहिलं मूळ उपटलं गेलं, तर त्याच बाजूची बाहुली बारीक राहते. भर उन्हात दोन्ही बाहुल्या बारीकच असतात, फरक कळत नाही. संध्याकाळी पडवीतल्या अंधारात बघा: चांगल्या डोळ्याची बाहुली मोठी होते, दुसऱ्याची होत नाही. लटकलेला पाय आणि त्याच बाजूची बारीक बाहुली एकत्र दिसली, तर इजा थेट मज्जारज्जूच्या दारात झाली असं समजावं. एवढ्यावरून डॉक्टरांना बरंच कळतं.

डागण्याबद्दल एक सांगायलाच हवं. सळी लावली तरी जनावर ओरडत नाही, याला लोक ‘गुण आला’ म्हणतात. ते ओरडत नाही कारण पाय बधिर आहे. पावसात त्या जखमेत अळ्या पडतात. दुसऱ्या टोकाला नसांच्या टॉनिकची इंजेक्शनं. चेता नुसती ताणली गेली असेल तर ती आठवड्यांत आपली आपण सुधारू शकते. बाहेरच्या बाजूला तुटली असेल तर दिवसाला साधारण मिलिमीटरभर वाढते, म्हणजे खांद्यापासून पंजापर्यंत वर्षाहून अधिक. पण मुळापासून उपटलेली चेता बी-12ने पुन्हा मज्जारज्जूत रुजत नाही.

मांजराचे मागचे दोन्ही पाय एकाएकी गेले तर कोकणात पहिला संशय पान लागल्याचा, म्हणजे साप चावल्याचा. तसं असू शकतं. पण पंजे थंडगार, नखांखालचा भाग निळसर-पांढरा आणि मांजर वेदनेने किंचाळतंय, तर बहुधा हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी कंबरेजवळच्या महारोहिणीत अडकलेली असते. दोन्हींत दवाखाना तातडीनेच गाठायचा. आणि अपघात नसताना पाय लुळे पडले, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, तर तोंडाजवळ हात नेऊ नका. तो रेबीज असू शकतो.

लटकल्या पायाच्या बोटाला चिमटा काढून डॉक्टर बघतात ते कुत्र्याच्या तोंडाकडे. पाय मागे ओढणं ही मज्जारज्जूतच पुरी होणारी प्रतिक्षिप्त क्रिया असते, त्यातून दुखलं की नाही ते कळत नाही. कुत्र्याने मान वळवून बघितलं किंवा ते कण्हलं, तर निरोप मेंदूपर्यंत पोचला आणि काही महिने वाट बघायला अर्थ आहे. तोवर पंजावर मोजा घालावा, ओला झाला की बदलावा. बोटं चावून काढायला लागलं तर मात्र पाय काढून टाकलेला बरा. तीन पायांवर कुत्री छान पळतात.