तळाला पाय न लावता

खानदेशात पोहण्याची जुनी शाळा म्हणजे मळ्यातली विहीर. पाठीला सुकवलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा, कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या काकांच्या मुठीत. या शाळेत एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळते: खाली पाय टेकायला काही नाही. संगीताच्या तालावर पाण्यात सगळ्यांनी एकसाथ हालचाली करायच्या, त्या सिंक्रोनाइज्ड स्विमिंगचा (२०१७पासून त्याला कलात्मक जलतरण म्हणतात) पायाही नेमका हाच. स्पर्धेत तळाचा आधार घेऊन उसळी मारली की गुण कापले जातात. म्हणूनच मला वाटतं, भोपळा सोडून विहिरीत तरंगायला शिकलेल्या पोरांनी या खेळाचा अवघड भाग आधीच थोडाफार गिरवलेला असतो.

टीव्हीवर हा खेळ नाच वाटतो. पाण्याखाली मात्र तो वजनाचा हिशेब असतो. छातीभर श्वास घेतलेलं माणसाचं शरीर पाण्यात जेमतेम तरंगतं, कारण त्याची घनता पाण्याच्या जवळपास असते. पण जो अवयव पाण्याबाहेर येतो, त्याला पाणी उचलून धरत नाही. माणसाचे दोन्ही पाय मिळून शरीराच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा भरतात. चाळीस किलोची मुलगी डोकं खाली करून दोन्ही पाय सरळ बाहेर काढते, तेव्हा फुगलेल्या फुफ्फुसांची मदत वजा केली तरी दहा-बारा किलोंचा भार उरतो. तो पेलायचा फक्त हातांनी, तोही हसऱ्या चेहऱ्याने वर येण्यापूर्वी.

हात हे कसं करतात? पाणी खाली दाबून नाही. दाबलेला हात पुन्हा वर आणावाच लागतो आणि त्या परतीत शरीर खाली बसतं. त्याऐवजी तळहात थोडा तिरका धरून कोपरापासून पुढचा हात आत-बाहेर फिरवायचा. जाताना आणि येताना तळव्याचा कल बदलतो, त्यामुळे दोन्ही वेळा पाणी खालीच ढकललं जातं आणि आधार तुटत नाही. याला स्कलिंग म्हणतात. शिकवायला याहून सोपा आरंभ नाही: कमरेएवढ्या पाण्यात उताणं पडा, पाय जुळवा, हात नितंबांजवळ ठेवा आणि पाय न हलवता जागच्या जागी राहून दाखवा. मनगटाचा कल बदलला की शरीर डोक्याच्या किंवा पायांच्या दिशेने सरकू लागतं. मुलांना यात भारी गंमत वाटते, कारण आपण काय केलं ते लगेच दिसतं.

उभं राहण्यासाठी एगबीटर किक. खुर्चीत बसल्यासारख्या मांड्या, गुडघे बाहेर आणि दोन्ही पिंढऱ्या आळीपाळीने उलट दिशांना गोल. बेडकासारखे दोन्ही पाय एकदम मारले तर शरीर वर-खाली हिंदकळतं. इथे एक पाय सावरत असताना दुसरा पाणी ढकलत असतो, म्हणून डोकं एका पातळीत राहतं आणि हात मोकळे सुटतात. वॉटर पोलोचे गोलरक्षकही हीच किक मारतात.

आता ताल. पाण्याच्या पृष्ठभागावर आदळणाऱ्या आवाजाची जवळपास सगळी ऊर्जा परत हवेतच उसळते. काठावरचा स्पीकर कितीही मोठा लावा, खाली तो नीट पोचत नाही. म्हणून पाण्यात वेगळे स्पीकर सोडतात. सरावात कोच लोखंडी शिडीवर सळईने ठोके देतात, तेही खाली छान ऐकू येतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त. दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकाच वेळी पोचतो, त्यामुळे कुठून आला ते समजत नाही. ताल कळतो, दिशा नाही. मग शेजारणीचं अंतर ठेवायचं ते मोजणीवर आणि पाण्यातल्या धूसर नजरेवर; स्पर्धेत वर्षानुवर्षं गॉगल चालतच नसे.

ही मोजणी कोरड्या जमिनीवर पाठ होते. आठ-आठच्या ठोक्यांवर हातांनीच सगळा कार्यक्रम करून बघतात. याला लँड ड्रिल म्हणतात. शाळेच्या लेझीम पथकात घोटून निघालेल्या पोरांना हे चटकन जमावं. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात विहिरी तळ दाखवतात, तेव्हा एवढा सराव तरी पाण्यावाचून होतो.

एका विहिरी-खोडीला मात्र ठाम नकार हवा: बुडी मारून कोण जास्त वेळ राहतो, ही पैज. श्वास घ्यावासा वाटतो तो रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, ऑक्सिजन घटल्यामुळे नव्हे. बुडीपूर्वी भराभर श्वास टाकले की कार्बन डायऑक्साइड उतरतो, ऑक्सिजन फारसा वाढत नाही. धोक्याची घंटा वाजण्याआधीच शुद्ध हरपते. २०२२च्या बुडापेस्ट विश्वस्पर्धेत अमेरिकेची अनिता अल्वारेझ पाण्यातच बेशुद्ध पडली आणि प्रशिक्षक आंद्रेआ फुएन्तेस यांनी कपड्यांसकट उडी टाकून तिला वर काढलं. ती तर कसलेली खेळाडू. मुलांचा श्वासाचा सराव थोडक्या वेळाचा, मध्ये भरपूर विश्रांती देऊन आणि काठावर फक्त त्यांच्याकडेच बघणारा मोठा माणूस ठेवूनच व्हावा.

सुरुवातीला नाकाचा चिमटा एवढीच खास खरेदी. उलटं झाल्यावर नाकात पाणी शिरतं, ते त्याने थांबतं. केस घट्ट बसावेत म्हणून लावायचं जिलेटिन पुढे स्पर्धेच्या वेळी. ते गरम पाण्यात विरघळतं, तलावाच्या गार पाण्यात टिकून राहतं.

आणि हा फक्त मुलींचा खेळ, असं कुणी म्हणालं तर त्याला नवा नियम सांगावा. १९८४मध्ये ऑलिंपिकमध्ये आल्यापासून तो तिथे महिलांपुरता होता. २०२४च्या पॅरिसपासून आठ जणांच्या संघात दोन पुरुष चालतात. त्या वर्षी प्रत्यक्षात एकाही देशाने पुरुष उतरवला नाही, त्यामुळे काठावरून मुटके मारणाऱ्या पोरांसाठी ती जागा अजून रिकामीच आहे.