मॉलिंग्टन आणि कर्कहोल्ट: इंग्लंडच्या लहान वस्त्यांतली गुन्हेगारी, पहारा आणि मोजणी

सॉमरसेट परगण्यातल्या कॅसल केरी या छोट्या बाजारगावात १७७९ साली बांधलेली एक गोल दगडी कोठडी अजून उभी आहे. आतला व्यास ७ फूट, उंची १० फूट, बांधकामाचा खर्च २३ पौंड. दारू पिऊन धिंगाणा घालणारा किंवा भुरटा चोर सापडला की रात्रभर तिथे कोंडायचा आणि सकाळी मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा. अशा कोठड्या त्या काळी इंग्लंडमध्ये गावोगावी होत्या. त्यांची किल्ली असे पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक कारभाराच्या सर्वांत लहान विभागाच्या, कॉन्स्टेबलकडे, आणि हा कॉन्स्टेबल म्हणजे आजच्या अर्थाने पोलीस नव्हे. गावातलाच कुणी सुतार, खाटीक किंवा शेतकरी वर्षभर हे काम पाही. पगार नाही, गणवेश नाही. ऐपत असलेला माणूस पैसे मोजून आपल्या जागी दुसऱ्याला पाठवत असे. आपल्याकडच्या पाटलाची आठवण इथे होईल, पण पाटलाला वतन होते आणि मान होता. या कॉन्स्टेबलाला दोन्ही नव्हते, त्यामुळे वर्ष कधी संपते याकडेच त्याचे डोळे लागलेले असत.

इंग्लंडमधल्या एखाद्या गावाचे नाव घेऊन ‘तिथे गुन्हेगारी किती’ असे आज विचारले, तर दर हजारी आकडा लगेच पुढे येतो. तो आकडा समजून घ्यायचा तर त्याच्यामागचे दोन प्रश्न पाहावे लागतात: गावावर लक्ष कोण ठेवत होते, आणि घडलेले लिहून कोण ठेवत होते?

अठराव्या शतकात या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होते, बहुधा कुणीच नाही. ज्याची चोरी झाली त्यानेच चोर शोधायचा, त्यानेच खटला भरायचा, वकिलाचा आणि साक्षीदारांचा खर्चही त्यानेच सोसायचा. म्हणून गावोगावच्या जमीनदारांनी आणि दुकानदारांनी वर्गणीवर मंडळे काढली. सभासदाचा घोडा चोरीला गेला की मंडळ हस्तपत्रके छापी, बक्षीस लावी, माग काढायला माणूस पाठवी आणि कोर्टाचा खर्च उचली. ज्याला वर्गणी परवडत नव्हती त्या मजुराची कोंबडी गेली तर ती गेलीच. तिची ना फिर्याद होई, ना नोंद. जुने खेडे शांत होते असे आपण सहज म्हणतो, त्यात या न लिहिलेल्या चोऱ्यांचा वाटा मोठा आहे. शांततेची तर गोष्टच सोडा. २८ ऑगस्ट १८३० रोजी केंटमधल्या लोअर हार्ड्रेस इथे शेतमजुरांनी मळणीयंत्र फोडले आणि पुढच्या काही महिन्यांत दक्षिण इंग्लंडच्या परगण्यांत यंत्रे फुटली, गंजी पेटल्या. कारण साधे होते. हिवाळ्यात मळणीवर मिळणारी मजुरी यंत्राने खाल्ली होती.

लंडनला १८२९ मध्ये पगारी पोलीस मिळाले. खेड्यांसाठी १८३९ चा कायदा आला, पण तो ऐच्छिक होता. परगण्याच्या मॅजिस्ट्रेटांनी ठरवले तर दल उभारायचे, आणि तेही हजार वस्तीमागे एका शिपायापेक्षा जास्त नाही. विल्टशरने लगेच दल उभारले, बरेच परगणे कर वाढेल म्हणून मागे राहिले. शेवटी १८५६ च्या कायद्याने सक्ती झाली. त्यातली खरी मेख पैशाची होती. दल कार्यक्षम आहे असा निरीक्षकाचा दाखला मिळाला तरच पगार आणि गणवेशाच्या खर्चाचा चौथा हिस्सा सरकारी खजिन्यातून येणार. १८५७ पासून देशभरचे गुन्ह्यांचे आकडे वार्षिक पत्रकात छापले जाऊ लागले. पहारा आणि मोजणी या दोन गोष्टी अशा एकत्र आल्या, आणि मोजणारा हाच पहारेकरीही असल्याने आकड्यांतला एक दोष तिथूनच सुरू झाला.

पुढची शंभर वर्षे गावच्या ‘बॉबी’ची, म्हणजे गावातच राहणाऱ्या पोलीस शिपायाची. परगण्याचे बोधचिन्ह लावलेले पोलिसाचे घर गावातच असे. पुढची खोली कचेरी, मागे संसार. शिपाई फेरीवर गेला की दार आणि फोन त्याची बायको सांभाळी. निरोप लिहून घेई, रडत आलेल्या माणसाला बसवून चहा देई, आणि याबद्दल तिला छदाम मिळत नसे. फेरीला ‘पॉइंट’ ठरलेले असत: अमुक चौक, अमुक वेळ. पाच मिनिटे आधी पोचायचे, पाच मिनिटे थांबायचे, सार्जंट आला तर वहीत सही घ्यायची, नाही तर सायकलवर टांग मारून पुढच्या पॉइंटला निघायचे. या पद्धतीत लहान गुन्हा कागदावर येईलच असे नव्हते. सफरचंदे चोरणाऱ्या पोराला जागेवरच दम देऊन घरी सोडले जाई. आज अशा कुरबुरीची तक्रार फोनवर गेली की नोंद होते. त्यामुळे १९५५ च्या आणि आजच्या आकड्यांची शेजारी शेजारी तुलना करणे चूक आहे.

हे बदलले १९६० च्या दशकात. १९६४ च्या पोलीस कायद्यानंतर दले एकमेकांत विलीन करण्यात आली. १९७४ नंतर इंग्लंड आणि वेल्समध्ये ४३ उरली, ती आजतागायत. लँकेशरच्या पोलिसांनी १९६५ मध्ये कर्कबी इथे नवी पद्धत लावली. पायी फेऱ्या जोडून त्यांच्यावर एक निळी-पांढरी गाडी आणि खिशातला वायरलेस. मनुष्यबळ कमी आणि कामे जास्त, म्हणून गृहखात्याने हीच पद्धत देशभर नेली. फोन केल्यावर पोलीस लवकर पोचू लागले, पण फोन करण्याआधी ते गावात असणे थांबले. पोलिसांची घरे हळूहळू विकली गेली.

या पोकळीत मॉलिंग्टन येते. चेस्टर शहराजवळचे हे चेशरमधले खेडे, बऱ्यापैकी सुस्थितीतले. घरफोड्यांची मालिका झाली आणि १९८२ मध्ये इथे ब्रिटनमधली पहिली ‘नेबरहूड वॉच’ योजना सुरू झाली. पद्धत सोपी होती. गल्लीसाठी एक समन्वयक नेमायचा. शेजारी परगावी गेला की त्याच्या दारातले दूध आणि टपाल उचलायचे, अनोळखी गाडीचा नंबर टिपून पोलिसांना कळवायचा. घरातल्या टीव्हीवर, सायकलवर अतिनील शाईने पोस्टकोड आणि घर क्रमांक लिहायचा, म्हणजे माल सापडला तर मालक सापडतो. खिडकीत स्टिकर लावायचा. कुणाला अडवायचे नाही, झडती घ्यायची नाही. फक्त डोळे आणि कान उघडे ठेवायचे.

योजना झपाट्याने पसरली, पण बहुतेक मॉलिंग्टनसारख्याच ठिकाणी: स्वतःची घरे असलेली, एकमेकांना ओळखणारी, आधीच कमी गुन्ह्यांची वस्ती. लंडनच्या दोन भागांत गुन्हेशास्त्रज्ञ ट्रेव्हर बेनेट यांनी केलेल्या मूल्यमापनात गुन्हे घटल्याचे दिसले नाही. भीती मात्र काहीशी कमी झालेली आढळली. अपयशाची कारणे योजनेच्या पोटातच आहेत. दिवसा घरे रिकामी असतील तर बघणार कोण? समन्वयक घर बदलून गेला की यादी जुनी होते, बैठका थांबतात, स्टिकर तेवढा उन्हाने फिका पडत खिडकीत राहतो.

खरे शिकण्यासारखे काम झाले ते मॉलिंग्टनमध्ये नव्हे, मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावातल्या कर्कहोल्ट वसाहतीत. नगरपालिकेची २,२८० घरे, गरिबी आणि बेकारी, घरफोड्यांचे प्रमाण भयंकर. १९८०च्या दशकाच्या मध्याला पोलीस, प्रोबेशन खाते (शिक्षा झालेल्यांवर तुरुंगाबाहेर देखरेख ठेवणारे) आणि गुन्हेशास्त्रज्ञ केन पीझ यांच्यासह मँचेस्टर विद्यापीठाचे संशोधक एकत्र आले. त्यांनी आधी कुलपे वाटली नाहीत. आधी विचारपूस केली: घर फुटलेल्यांची, त्यांच्या शेजाऱ्यांची, आणि पकडल्या गेलेल्या चोरांचीही. दोन गोष्टी हाती लागल्या.

पहिली मीटरची. त्या काळी गरिबाघरी वीज आणि गॅसचे नाण्यांवर चालणारे मीटर असत. नाणे टाकले की तेवढा वेळ वीज. पण ती नाणी मीटरखालच्या डब्यात साठत, म्हणजे प्रत्येक घरात एक गल्ला. चोराला माल विकायची कटकटच नाही. डबा फोडला की रोकड. कर्कहोल्टच्या जवळपास निम्म्या घरफोड्यांत मीटर फुटत होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एकदा फुटलेले घर पुन्हा फुटण्याची शक्यता न फुटलेल्या घराच्या चौपटीहून जास्त होती. चोराला आतली वाट कळलेली असते, मोडलेले दार अजून नीट बसलेले नसते, आणि चोरीला गेलेल्या टीव्हीच्या जागी नवा येणार हेही त्याला ठाऊक असते.

म्हणून सगळी ताकद आधीच फुटलेल्या घरांवर लावली. नाण्यांचे मीटर काढून दुसरे बसवले. चोर ज्या वाटेने आला तीच वाट आधी पक्की केली, सरसकट सगळ्या दारांना महागडी कुलपे नाहीत. आणि त्या घराभोवतीच्या सहा-एक शेजाऱ्यांना एकेकट्याने भेटून लक्ष ठेवायला सांगितले. याला ‘कोकून’ (कोश) म्हणत. अख्ख्या गल्लीची सभा बोलावण्यापेक्षा सहा घरे गाठणे सोपे, आणि कुणाच्या घरावर डोळा ठेवायचा हेही नेमके ठरलेले. पुढच्या टप्प्यात पतसंस्था आली, कारण नाण्यांचा मीटर आणि सावकाराचे कर्ज एकाच गरिबीची दोन टोके होती. काही वर्षांत घरफोड्या जवळपास तीन-चतुर्थांशाने घटल्या. लहान वस्तीच्या सुरक्षिततेवर झालेल्या कामांत आम्ही हे काम सर्वांत वर ठेवतो.

१९८२ ला आणखी एक सुरुवात झाली: घरोघरी जाऊन ‘गेल्या वर्षी तुमच्या बाबतीत काय घडले’ असे विचारणारे ब्रिटिश क्राइम सर्व्हे. पोलिसांपर्यंत न पोचलेले गुन्हे त्यातून कळू लागले. या मोजणीनुसार गुन्हेगारी १९९५ च्या सुमारास कळसाला पोचली आणि मग उतरली. घरफोड्या तर खूपच उतरल्या. चांगली कुलपे, दुहेरी काचा, १९९८ पासून नव्या मोटारींना सक्तीचे झालेले इमोबिलायझर (योग्य किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारे यंत्र) यांचा त्यात हात आहे. उलट २०१४ मध्ये पोलीस निरीक्षणालयाला आढळले की पोलिसांकडे कळवलेल्या गुन्ह्यांपैकी १९ टक्के नोंदलेच जात नव्हते. हिंसेच्या गुन्ह्यांत हे प्रमाण ३३ टक्के होते. त्याच वर्षी पोलिसांच्या आकड्यांचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा, म्हणजे विश्वासार्ह सरकारी आकडे असल्याचा, दर्जा काढून घेतला गेला. दलांनी नोंदणी सुधारली आणि त्यानंतर गावोगावच्या हिंसेच्या आकड्यांनी उसळी घेतली. आकड्यांतल्या त्या चढातला मोठा भाग केवळ लिखाणाचा होता.

पोलिसांनी नोंदलेल्या गुन्ह्यांचा रस्त्यानिहाय ऑनलाइन नकाशा २०११ मध्ये आला. नोकरीसाठी इंग्लंडला जाणारी मराठी कुटुंबेही आता घर घेण्याआधी पोस्टकोड टाकून तो पाहतात, म्हणून तो वाचायचा कसा हे सविस्तर सांगायला हवे. नकाशावरचा ठिपका गुन्ह्याच्या नेमक्या जागेवर नसतो. ओळख पटू नये म्हणून तो जवळच्या ठरावीक बिंदूवर सरकवतात, आणि बिंदूच्या क्षेत्रात किमान आठ पत्ते तरी असतात किंवा एकही नसतो. विरळ वस्तीत हा बिंदू बराच लांब असू शकतो. ‘असामाजिक वर्तन’ हा रकाना गुन्ह्यांचा नाही, तो वेगळा काढावा. ‘हिंसा आणि लैंगिक गुन्हे’ या रकान्यात छळ, पाठलाग आणि धमकीचे संदेशही येतात. तो मोठा दिसला म्हणजे रस्त्यावर मारामाऱ्या चालतात असे नव्हे, पुष्कळ काही घराच्या आत किंवा फोनवर घडते. गावाच्या हद्दीत महामार्गावरचा थांबा, सुपरमार्केट किंवा तुरुंग असेल तर तिथले गुन्हे गावाच्या माथी येतात, पण भागाकार मात्र गावकऱ्यांच्या संख्येनेच होतो.

आणि लहान संख्येचा सापळा. ४८० वस्तीच्या गावात वर्षाला १२ गुन्हे म्हणजे हजारी २५. एका रात्री एकाच टोळीने परसातल्या सहा शेड फोडल्या की झाले १८, म्हणजे हजारी ३७.५. ‘गुन्हेगारीत ५० टक्के वाढ’ असा मथळा होईल, पण बदलले काय तर एक रात्र. म्हणून एका वर्षाकडे पाहू नये. निदान ३६ महिन्यांची बेरीज घ्यावी, प्रकार वेगळे करावेत आणि शेजारच्या दोन-तीन गावांशी ताडून पाहावे. सोने घरात ठेवणाऱ्यांनी एक जास्तीची काळजी घ्यावी. दक्षिण आशियाई घरांतले दागिने हेरून केलेल्या चोऱ्या इंग्लंडमध्ये होतात, आणि दिवाळीच्या सुमारास पोलीस तसे सावध करतात. साध्या गृहविम्यात दागिन्यांवर मर्यादा असते. प्रत्येक दागिन्याचा फोटो आणि मूल्यांकन नसेल तर भरपाई अडते.

खेड्यांत खरोखर काय जाते, हे दर हजारी आकड्यातून कळत नाही. गॅसची वाहिनी नसलेल्या घरांच्या परसात तापवणीच्या तेलाची हजार-दीड हजार लिटरची टाकी असते, ती रात्रीत उपसली जाते. आतल्या पातळीवर नजर ठेवणारा गजर आणि रस्त्यावरून न दिसणारी जागा हे दोनच उपाय चालतात. ट्रॅक्टरच्या टपावरचे जीपीएस रिसीव्हर टोळ्या उतरवून नेतात. रात्री ते काढून घरात ठेवणे कंटाळवाणे असले तरी तेच उपयोगी पडते. शेतातल्या चारचाकी क्वाड बाइकच्या चोऱ्या इतक्या वाढल्या की २०२३ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. चर्चच्या छपरावरचे शिसे भंगाराचा भाव चढला की जाते. बहुधा कुणाला पत्ताच लागत नाही, आणि पुढच्या मोठ्या पावसात भिंतीवरून ओघळ उतरतात तेव्हा चोरी उघडकीस येते. भंगाराचे पैसे रोखीत द्यायला २०१२ च्या अखेरीस बंदी आली आणि २०१३ च्या कायद्याने परवाना कडक झाला, त्याचा उपयोग झाला. जुनी चर्चे आता शिशाऐवजी कथिलाचा मुलामा दिलेला स्टेनलेस स्टीलचा पत्रा घालू लागली आहेत.

फसवणूक तर नकाशात येतच नाही. २०१३ पर्यंत तिची नोंद परगण्यांच्या दलांकडून काढून एका राष्ट्रीय कक्षाकडे नेण्यात आली. सर्व्हेनुसार लोकांवर होणाऱ्या गुन्ह्यांत तिचा वाटा मोठा आहे, पण गावातल्या एखाद्या एकट्या राहणाऱ्या आजींची बचत फोनवर लुबाडली गेली तर नकाशावर ठिपका उमटत नाही. अशा गोष्टी कळतात त्या पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या, इतिवृत्तांतून. १९९७ च्या कायद्याने या कौन्सिलांना गुन्हे रोखण्यासाठी खर्च करायचा अधिकार दिला आहे. काही कौन्सिले त्यातून कॅमेरे लावतात, काही सहायक पोलिसाच्या पगाराला हातभार लावतात. २००२ च्या कायद्याने आलेले हे अटकेचा अधिकार नसलेले गणवेशधारी सहायक २०१० पासून निम्म्याहून कमी झाले, त्यामुळे एकेकाकडे कितीतरी गावे असतात. इतिवृत्त वाचताना दोन गोष्टी शोधाव्यात: हा सहायक शेवटचा बैठकीला केव्हा आला, आणि एकाच घराचे किंवा एकाच शेताचे नाव पुन्हा पुन्हा येते आहे का.