हातकागदाचा नवा उद्योग : अनुदानासाठी अर्ज कुठे आणि कसा करायचा?

दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हाताने कागद बनवण्याची परंपरा तुघलकाच्या काळापासून सांगितली जाते. अशा कारागिराला आधी आठवते ती पीएम विश्वकर्मा योजना. पण तिच्या 18 व्यवसायांत कुंभार, लोहार, शिंपी आहेत, कागद बनवणारा नाही. ही उणीव भरून निघायलाच हवी. तोवर अर्ज पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात करा. हा कार्यक्रम खादी व ग्रामोद्योग आयोग राबवतो आणि हातकागद आयोगाच्या उद्योगांत पूर्वीपासून आहे.

अर्जदाराचे वय 18 पूर्ण हवे. उत्पन्नाची अट नाही. उत्पादन प्रकल्प 50 लाखांपर्यंतचा चालतो. 10 लाखांच्या वर असेल तर किमान आठवी पास हवे.

जुन्या कारागीर घराण्यांचे अर्ज अडतात ते एका अटीवर : प्रकल्प नवाच हवा. वडिलांचा चालू कारखाना दाखवून अनुदान मिळत नाही. मात्र योजनेत कुटुंब म्हणजे फक्त पती-पत्नी. त्यामुळे सज्ञान मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या नावाने वेगळा उद्योग उभारू शकते.

ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक व दिव्यांगांना 35 टक्के अनुदान आहे. शहरात हेच प्रमाण 15 आणि 25 टक्के. स्वतःचे पैसे अनुक्रमे 10 आणि 5 टक्के घालावे लागतात. म्हणजे गावातल्या महिलेने 10 लाखांचा प्रकल्प मांडला, तर तिचे 50 हजार, बँकेचे कर्ज साडेनऊ लाख आणि त्याच कर्जात पुढे वळते होणारे अनुदान साडेतीन लाख. जागेची किंमत प्रकल्पखर्चात धरू नका.

आधार, पॅन, फोटो, शैक्षणिक दाखला, प्रकल्प अहवाल, गरजेप्रमाणे जातीचा किंवा विशेष गटाचा दाखला, आणि गावात उद्योग असेल तर ग्रामीण भागाचा दाखला जोडा. अहवालात कागदासाठी लागणाऱ्या चिंध्या कुठून येणार, पाणी किती लागणार आणि माल कोण घेणार, हे नेमके लिहा. बँक तेच विचारते. पुण्याची हातकागद संस्था 1940पासून याच कामात आहे; तिथले काम एकदा पाहून या.

अर्ज आयोगाच्या पोर्टलवर ऑनलाइन, विनाशुल्क भरता येतो. एजंटला पैसे देऊ नका. अर्ज हाताळणारी संस्था म्हणून खादी आयोग, राज्य खादी मंडळ किंवा जिल्हा उद्योग केंद्र यांपैकी एक निवडा. छाननीनंतर प्रकरण बँकेकडे जाते. मंजुरीआधी यंत्रे घेऊ नका. अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते आणि उद्योग चालू असल्याची तपासणी झाल्यावर कर्जात वळते होते. नियम बदलत असल्याने अर्जाच्या दिवशी पोर्टलवरच्या अटी पुन्हा वाचा.