पाइप बर्फाने नाही, पाण्याने फुटतो

पानगळ सुरू झाली की फोनवर ती यादी फिरायला लागते. थंडीच्या आधी घराची तयारी कशी करायची, एवढे एवढे मुद्दे, खाली हात जोडलेले इमोजी. यादी तशी वाईट नसते. पन्हळीतली पानं काढा म्हणतात, बरोबर आहे, कारण पानांनी तुंबलेल्या पन्हळीत पाणी साठतं, गोठतं आणि मग वितळलेला बर्फ छपराच्या कडेला अडून घरात झिरपतो. खिडक्यांच्या फटी बुजवा, तेही बरोबर. शेगडी-धुराडं तपासा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना बघा, हे तर यादीत पहिलं हवं, पण असतं कुठेतरी नवव्या नंबरवर.

पण दर वेळी एक वाक्य असतं ज्याला मी अडतो: "पाणी गोठलं की बर्फ फुगतो आणि पाइप फाडतो, म्हणून पाइपला कापड गुंडाळा." अर्धं खरं आहे, आणि यातलं उरलेलं अर्धंच मला जास्त आवडतं.

बर्फ फुगतो हे शाळेत शिकलोय. बर्फात पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना ठराविक कोनात धरून बसतो, त्या षटकोनी जाळीत मधे पोकळ्या राहतात, म्हणून तेवढंच पाणी सुमारे ९ टक्के जास्त जागा व्यापतं. ठीक. पण मग मला सांगा, फ्रीजरमधला आइस ट्रे का फुटत नाही? कारण वरची बाजू उघडी असते, बर्फ वर फुगवटा काढतो आणि गप्प बसतो. फुटते ती बूच लावलेली बाटली. म्हणजे नुसतं फुगणं पुरेसं नाही, फुगायला जागा नसणं हे खरं भांडणाचं कारण. पाइप तर लांबच लांब नळीच आहे, बर्फाला दोन्ही बाजूंना सरकायला वाव आहे. मग तो फुटतो कसा?

आता नीट बघूया. पाइपातलं पाणी बरोबर शून्याला गोठत नाही. स्थिर पाणी शून्याच्या खाली चार-पाच अंश गेलं तरी बऱ्याचदा पाणीच राहतं, कारण बर्फाचा पहिला कण जमायला काहीतरी आधार लागतो. मग एका क्षणी कुठेतरी सुरुवात होते आणि पिसांसारख्या पात्या सेकंदांत पाइपभर पसरतात. त्या वेळी सगळं पाणी गोठत नाही हां, थोडंसंच गोठतं. गोठताना पाणी किलोमागे ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकतं आणि त्याने उरलेलं पाणी परत शून्यावर येतं. हिशोब साधा आहे, उणे ४ अंशांचं पाणी असेल तर जेमतेम ५ टक्के बर्फ होतो, बाकी सगळं पाणीच. खरा घट्ट बर्फ त्यानंतर सावकाश जमतो, पाइपाच्या भिंतीपासून आतल्या दिशेला, कडं लहान लहान होत जातं आणि शेवटी मधलं भोक बंद. झालं, बर्फाचं बूच तयार.

इथपर्यंत पाइपाला काहीही झालेलं नाही! गंमत पुढे आहे. हे बूच आता लांबीने वाढतं. वाढताना समोरच्या पाण्याला ढकलतं. मुख्य लाइनच्या बाजूला ढकललं तर पाणी मागे सरकतं, काही बिघडत नाही. पण दुसऱ्या टोकाला काय आहे? बंद नळ. बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये जे पाणी अडकलंय त्याला जायला जागाच नाही. आणि पाणी दाबलं जात नाही म्हणतात ना, तसं ते थोडं दाबलं जातं, पण १ टक्का दाबायला सुमारे २२० ॲटमॉस्फिअर दाब लागतो (१ ॲटमॉस्फिअर म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा नेहमीचा दाब). आता समजा बूच नळाच्या दिशेने १ मीटर वाढलं, तर जवळपास ९ सेंटिमीटर पाइपात मावेल एवढं जास्तीचं पाणी पुढे रेटलं जातं. पुढे ९ मीटर पाइप असेल तर ते झाले साधारण १ टक्का. घरातल्या नळाला एरवी तीन ते पाच ॲटमॉस्फिअर दाब असतो, आणि इथे दोनशेच्या वर! पाइप थोडा ताणला जातो म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी होईल, पण तांब्याचा पाइप काही शे ॲटमॉस्फिअरला हार मानतोच, आणि सांधे तर त्याच्या आधीच.

म्हणून पाइप पुष्कळदा फुटतो तो जिथे बर्फ आहे तिथे नाही, तर पुढे, नळाकडच्या बाजूला, एखाद्या उबदार भिंतीत, जिथे बर्फाचा कणही नाही. लोक चक्रावतात. आणि पाणी वाहायला लागतं दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर, कारण तोवर बर्फाच्या बुचाने मागचं पाणी अडवून धरलेलं असतं. मग सगळे म्हणतात "वितळताना फुटला". फुटला होता रात्रीच, कळलं सकाळी.

आता बर्फ किती जोर लावू शकतो म्हणाल तर त्याला भौतिकशास्त्राने आखून दिलेली सीमा आहे. दाब वाढला की गोठणबिंदू खाली जातो, साधारण १३५ ॲटमॉस्फिअरला १ अंश (पुढे उतार आणखी तीव्र होतो), त्यामुळे उणे ५ अंशांना साधारण सहाशे ॲटमॉस्फिअरपर्यंत बर्फ ढकलत राहील, मग थांबेल. उणे २२ अंश आणि दोन हजारांच्या आसपास ॲटमॉस्फिअर या बिंदूपाशी तर बर्फाची जातच बदलते, त्याला बर्फ-३ म्हणतात आणि तो पाण्याहून जड असतो, म्हणजे फुगायचा प्रश्नच मिटला. पण तोपर्यंत तुमचा पाइप शिल्लक नसतो, तेव्हा हे राहू दे. १७८४-८५ मध्ये कॅनडात क्विबेकला एडवर्ड विल्यम्स नावाच्या तोफखान्यातल्या मेजरने लोखंडी गोळ्यांत पाणी भरून बूच ठोकून ते थंडीत ठेवले होते, त्यात एक बूच उडून शंभर मीटरच्या पलीकडे जाऊन पडलं. लोखंडाची ही गत, तिथे आपला नळ काय.

हे कळलं की नळ बारीक टपकत ठेवा असं का सांगतात ते उलगडतं. सगळ्यांना वाटतं वाहतं पाणी गोठत नाही म्हणून. थोडा फायदा त्याचाही होतो, पण मुख्य काम म्हणजे नळ उघडा असला की बंद कप्पाच उरत नाही, बूच झालं तरी दाब निघून जातो. गरम पाण्याचा नळही तसाच ठेवायचा, तो पाइप वेगळा असतो हे विसरतात.

आणि ते कापड? पांघरूण ऊब तयार करत नाही, असलेली ऊब सावकाश जाऊ देतं. एका रात्रीच्या थंडीला फोमचं आवरण उपयोगी, आठवडाभर बंद असलेल्या थंड घरात नाही. तिथे मेन कॉक बंद करून सगळे नळ उघडून पाइप रिकामे करणं हाच उपाय. बाहेरच्या भिंतीतल्या पाइपाला इन्सुलेशन घालायचं ते पाइपाच्या बाहेरच्या अंगाला. घराकडच्या अंगाला घातलंत तर घराची ऊब त्याला मिळायची बंद होते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९९० च्या दशकात उघड्या पाइपांवर प्रयोग झाले, बाहेर उणे ७ अंशांच्या आसपास धोका सुरू होतो हा आकडा तिथला. पण फटीतून वारा थेट पाइपावर येत असेल तर पाइप फार लवकर गार होतो, म्हणून केबलसाठी पाडलेलं ते बोटभर भोक आधी बुजवा.

आणि हो, मेणबत्तीवर मातीची कुंडी उपडी ठेवून खोली गरम करायचे व्हिडिओ कृपया मला पाठवू नका. छोटी मेणबत्ती ४० वॉटच्या आसपास उष्णता देते, कुंडी ठेवा नाहीतर कढई. नुसता बसलेला माणूस १०० वॉट देतो. एक पाहुणा बोलवा, आग लागायची भीती नाही.

बाहेरच्या नळाची होजपाइप मात्र आत्ताच काढा. गोठू नये म्हणून बनवलेल्या नळाचा व्हॉल्व्ह भिंतीच्या आत वीतभर खोल असतो आणि बंद केल्यावर मधलं पाणी गळून जातं, पण होज लावलेली राहिली तर ते पाणी अडकतं आणि नळी भिंतीच्या आतच चिरते. हिवाळाभर काही दिसत नाही, कारण व्हॉल्व्ह बंद आहे. थंडी संपल्यावर पहिल्यांदा तो नळ उघडाल तेव्हा तोटीवर अंगठा दाबून बघा. पाणी अंगठ्याला सहज थांबलं तर ते दुसरीकडून कुठेतरी जातंय, बहुतेक भिंतीत.