जिंकत आलेला डाव इंजिन बरोबरीत का सोडतं?

हत्तीची आघाडी, समोर मोकळा राजा, आणि इंजिन तीच स्थिती तिसऱ्यांदा आणून बरोबरी पदरात पाडून घेतं. बुद्धिबळाच्या प्रोग्रामांचा हा जुना आजार. त्याचं मूळ वेग वाढवण्याच्या एका युक्तीत आहे.

एकच स्थिती वेगवेगळ्या क्रमाने खेळून येते. मग दरवेळी नव्याने हिशोब कशाला? एमआयटीतल्या रिचर्ड ग्रीनब्लाट यांच्या 'मॅक हॅक'मध्ये १९६७ च्या सुमारासच आधी तपासलेल्या स्थितींचं टेबल होतं. १९७० मध्ये अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी त्याला नेटकी किल्ली, म्हणजे स्थिती ओळखायचा आकडा, दिली: प्रत्येक घरातल्या प्रत्येक मोहऱ्याला एक यादृच्छिक आकडा आणि त्या सगळ्यांचा 'एक्सॉर' (आकडे मिसळायची अशी क्रिया, की तोच आकडा पुन्हा मिसळला तर तो निघून जातो). घोडा जी१ वरून एफ३ वर गेला की जी१ चा आकडा काढायचा, एफ३ चा घालायचा. झालं. कॅसलिंगचे हक्क, खेळी कोणाची, हेही याच किल्लीत बसतं.

बसत नाही ती आलेली वाट, म्हणजे आधीच्या खेळ्या. तिहेरी पुनरावृत्ती (तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरी) आणि ५० खेळ्यांचा नियम (तेवढ्या खेळ्यांत प्यादं हललं नाही, काही मारलं नाही, तर बरोबरी) मात्र नेमकी तीच विचारतात. स्थिती पहिल्यांदा आली तेव्हा टेबलात 'हत्तीने पुढे' अशी नोंद झाली. तिसऱ्यांदा तिथे नेणारी खेळी तपासताना इंजिनने पुनरावृत्ती न पाहता तीच नोंद उचलली, की विजय गेला. उलटंही होतं: एका वाटेवर पुनरावृत्तीमुळे पडलेलं शून्य, म्हणजे बरोबरीचा गुण, भलत्याच वाटेवर वापरलं जातं. हा प्रकार जास्त छळतो, कारण तो दिसतच नाही.

१९८० च्या दशकात अँड्र्यू पॅले यांनी या गुंत्याची मांडणी केली. पुढे 'डीप ब्लू' हा बुद्धिबळ खेळणारा संगणक घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या मरे कॅम्पबेल यांनी १९८५ मध्ये त्यावर लिहिलं. २००४ मध्ये किशिमोतो आणि म्युलर यांनी सर्वसाधारण उत्तर दिलं, पण बुद्धिबळ इंजिनांनी ते फारसं उचललं नाही. वेग घालवून अचूकपणा घ्यायला तिथे कोण तयार होणार!

त्याऐवजी जुगाड चालतात. टेबलात डोकावण्याआधी पुनरावृत्ती तपासायची. शोधातल्या शोधात स्थिती एकदा जरी परतली तरी बरोबरी धरायची. स्टॉकफिश या इंजिनमध्ये तर प्यादं न हलता, काही न मारता बऱ्याच चाली झाल्या की ती मोजणीही किल्लीत मिसळते, पण दर आठ अर्ध्या चालींच्या (अर्धी चाल म्हणजे एका खेळाडूची एक खेळी) टप्प्याने. प्रत्येक चालीला किल्ली बदलली तर टेबलाचा उपयोगच उरला नसता.